समोरच गिळायच्या गोळ्या

मागच्या अंकात या सदरात हत्तीरोग दुरीकरण मोहिमेचा ओझरता उल्लेख आला होता. त्यावर आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्याच इच्छेवरून दिलेली नाहीत. उत्तरे देणारा मी पूर्व विदर्भात आरोग्यसेवेत बरीच वर्षे काढलेला माणूस आहे, तेव्हा त्या मुलखाचे संदर्भ वारंवार आले तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

प्रश्न : आमच्या गावात दरवर्षी आशाताई हत्तीरोगाच्या गोळ्या घेऊन येतात आणि आपल्या समोरच गिळा असा हट्ट धरतात. आमच्या घरात कोणाचाही पाय सुजलेला नाही. मग निरोगी माणसाने औषध का घ्यायचे? शिवाय मागच्या वर्षी शेजारच्या काकूंना गोळ्या घेतल्यावर रात्री ताप भरला. अशा वेळी विश्वास कसा ठेवावा? — एक वाचक, भंडारा जिल्हा

आपला प्रश्न अगदी रास्त आहे. असा प्रश्न विचारणाऱ्याला अडाणी ठरवून गप्प बसवण्याची सवय आम्हा आरोग्यसेवेतल्या मंडळींना जडली होती आणि डासांच्या खालोखाल या मोहिमेचे नुकसान त्या सवयीनेच केले आहे, असे माझे प्रामाणिक मत आहे.

हत्तीरोगाचा जंतू म्हणजे दोऱ्यासारखा बारीक कृमी असतो. त्याची मादी आठ-दहा सेंटिमीटर लांब असते आणि ती नरासह आपल्या शरीरातल्या लसीकावाहिन्यांमध्ये, म्हणजे लसीका नावाचा पातळ द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांमध्ये, घर करून सहा ते आठ वर्षे जगते. या काळात ती लक्षावधी सूक्ष्म पिल्ले रक्तात सोडत राहते. गटारात, सेप्टिक टाकीत, तुंबलेल्या सांडपाण्यात वाढणारा क्युलेक्स जातीचा डास अशा माणसाला चावला की पिल्ले डासाच्या पोटात जातात, तेथे दहा-बारा दिवसांत मोठी होतात आणि पुढच्या माणसाच्या कातडीवर उतरतात. एका चाव्याने सहसा रोग जडत नाही, त्यासाठी वर्षानुवर्षे चावे खावे लागतात. म्हणूनच ज्याच्या घरामागे गटार आहे आणि ज्याच्याजवळ मच्छरदाणी नाही, त्याच्या वाट्याला हा रोग अधिक येतो. लागण बहुधा लहानपणीच होते, पाय सुजतो तो पुढे पंधरा-वीस वर्षांनी. मधल्या सगळ्या काळात तो माणूस शेतात राबतो, लग्न करतो, दिसायला ठणठणीत असतो आणि त्याच्या रक्तातून डासांना जंतूंचा पुरवठा चालू असतो. आपल्या घरात कोणाचा पाय सुजलेला नाही याचा अर्थ आपल्या घरात कृमी नाही असा होत नाही, तो एवढ्याचसाठी.

मग आधी रक्त तपासून ज्याच्यात जंतू सापडेल त्यालाच गोळ्या का देत नाहीत, असे आपण विचाराल. पूर्वी तसे करून पाहिलेले आहे. अडचण अशी की ही पिल्ले दिवसा शरीराच्या आतल्या भागात, विशेषतः फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत दडून असतात आणि रात्री दहा ते दोनच्या सुमारास, म्हणजे नेमके हा डास चावायला निघतो त्या वेळी, त्वचेलगतच्या रक्तात येतात. त्यामुळे रक्ताचे नमुने मध्यरात्री घ्यावे लागत. टॉर्च, काचपट्ट्यांची पेटी आणि स्पिरिटचा बोळा घेऊन आम्ही गावात शिरलो की पहिल्यांदा कुत्री उठत, मग माणसे. एका म्हातारीने बाजेवरूनच विचारले होते, "दिवसाउजेडी नाही का सापडत बापू, तुमचा किडा?" तिला त्याचे शास्त्र समजावून सांगितले तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे तो बी चोरच हाय." यापेक्षा नेमके वर्णन मी कोणत्याही व्याख्यानात ऐकलेले नाही. आता बोटाच्या थेंबभर रक्तावर दिवसाही करता येणारी चाचणी निघाली आहे, तरी लाखो लोकांची अशी चाचणी करत बसण्यापेक्षा बाधित भागातल्या सर्वांनाच वर्षातून एकदा औषध देणे अधिक सोपे आणि स्वस्त पडते, कारण ही औषधे जंतू नसलेल्या माणसालाही सुरक्षित आहेत.

औषधे तीन. डीईसी (डायइथिलकार्बामाझिन) वयानुसार : दोन ते पाच वर्षांच्या मुलाला एक गोळी, सहा ते चौदा वर्षांपर्यंत दोन, त्यापुढे तीन. अल्बेंडाझोलची एक गोळी, जी जंतांवरही चालते आणि म्हणून शाळेतल्या मुलांना परिचित असते. जेथे तिहेरी उपचार आहे तेथे आयव्हरमेक्टिन, आणि ते उंचीवरून ठरते, म्हणून आशाताईंच्या हातात रंगीत खुणांची ती काठी असते. तिहेरी औषधाचा प्रयोग आपल्या देशात ज्या पाच जिल्ह्यांपासून सुरू झाला, त्यांत आपला नागपूर जिल्हा होता; तेथे 2019 मध्ये ही मोहीम झाली. दोन वर्षांखालील बालके, गरोदर स्त्रिया आणि गंभीर आजारी माणसे यांना यातले काहीही द्यायचे नसते. पाच वर्षांखालील मुलांना आणि नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रियांना आयव्हरमेक्टिन देत नाहीत. उपाशीपोटी गोळ्या घेऊ नयेत, हे आशाताई सांगतातच, पण सकाळी सातला आलेल्या पथकाला आपण चहावर आहोत असे सांगायला लोक संकोचतात. तसे करू नये. पथकाला जेवणानंतर पुन्हा बोलवावे.

आता काकूंच्या तापाविषयी. गोळ्यांनी रक्तातली पिल्ले मोठ्या संख्येने एकदम मरतात आणि त्यांच्या मृत देहांमुळे ताप, डोकेदुखी, मळमळ, अंगाला खाज असा त्रास काहींना होतो. तो साध्या औषधाने एक-दोन दिवसांत ओसरतो. ज्यांच्या रक्तात पिल्ले नाहीत त्यांना असा त्रास क्वचितच होतो. म्हणजे काकूंचा ताप हा बहुधा त्यांच्या अंगात कृमी असल्याचा पुरावा होता आणि गोळ्यांची खरी गरज त्यांनाच होती. ही गोष्ट गोळ्या देण्याआधी सांगितली तर लोक ताप सहन करतात, नंतर सांगितली तर ती सारवासारव वाटते. दुर्दैवाने आपल्याकडे ती बहुतेकदा नंतरच सांगितली जाते.

समोर गिळण्याचा हट्टही याच अनुभवातून आला. या औषधांनी मोठे कृमी पूर्णपणे मरत नाहीत, मुख्यतः पिल्ले मरतात, त्यामुळे कृमीचे आयुष्य सरेपर्यंत दरवर्षी रक्त साफ ठेवावे लागते. दोन औषधे असतील तर निदान पाच वर्षे, आणि दर वर्षी एकूण लोकसंख्येच्या किमान 65 टक्के लोकांच्या पोटात गोळ्या जायला हव्यात. वाटप झालेल्या गोळ्या आणि पोटात गेलेल्या गोळ्या यांत मात्र फार अंतर असते. एका घरी पाहणीला गेलो असता घरधनिणीने मोठ्या आदराने फळीवरचा बिस्किटांचा डबा काढून दाखवला, त्यात तीन वर्षांच्या गोळ्या वर्तमानपत्राच्या पुड्यांत जपून ठेवलेल्या होत्या. "सरकारी चीज हाय, फेकायची कशी?" असे तिचे म्हणणे होते. आमच्या तक्त्यांत ते घर तीनही वर्षे शंभर टक्के भरलेले होते.

चीनने हा पेच वेगळ्या रीतीने सोडवला होता. त्यांनी अनेक भागांत खाण्याच्या मिठातच डीईसी मिसळले आणि हत्तीरोगाचे सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून दुरीकरण झाल्याची मान्यता 2007 मध्ये मिळवली. आपल्याकडेही काही ठिकाणी अशा मिठाचे प्रयोग झाले. वैद्यकीयदृष्ट्या उपाय उत्तम आहे. मला स्वतःला मात्र दारात उभे राहून, शंका ऐकून घेऊन, समोर गोळी द्यावी हा मार्ग अधिक मानाचा वाटतो, जरी त्याला वेळ जास्त लागत असला तरी. भारताने हत्तीरोग दुरीकरणासाठी 2027 हे वर्ष ठरवले आहे, ते जगाच्या 2030 च्या लक्ष्याआधीचे आहे. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या धानाच्या पट्ट्यात ते गाठले जाईल की नाही, हे आपल्यासारख्यांच्या प्रश्नांना वेळेत उत्तर मिळते की नाही यावर बरेचसे अवलंबून आहे.

प्रश्न : "दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजार" असा शब्दप्रयोग वाचला. दुर्लक्ष नेमके कोणी केले? मोठ्या औषध कंपन्या तर ही औषधे फुकट देतात असे ऐकले आहे. — महाविद्यालयीन विद्यार्थिनी, पुणे

हा शब्दप्रयोग गेल्या वीस-पंचवीस वर्षांतला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत आज असे 21 आजार वा आजारांचे गट आहेत : हत्तीरोग, कुष्ठरोग, काळा आजार, खुपरी, नदीकाठचे अंधत्व, रेबीज, डेंग्यू, इतकेच काय खरूज आणि सर्पदंशसुद्धा. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने यांत काहीही साम्य नाही. कुठे जिवाणू आहे, कुठे विषाणू, कुठे कृमी, तर कुठे नुसता सापाचा दात. साम्य आहे ते रुग्णांत. जगातले एक अब्जाहून अधिक लोक यांपैकी कशाने ना कशाने ग्रासलेले आहेत आणि ते बहुतेक असे आहेत की त्यांच्याजवळ औषध विकत घ्यायला पैसा नाही आणि तक्रार करायला ओळख नाही. यांतले बरेच आजार झटपट मारत नाहीत, म्हणून मृत्यूंच्या तक्त्यांतही ते ठळक दिसत नाहीत.

नदीकाठच्या अंधत्वाचे उदाहरण घ्या. आफ्रिकेत वेगाने वाहणाऱ्या नद्यांवर वाढणाऱ्या काळ्या माश्यांमुळे हा रोग पसरतो. रोगाच्या भीतीने लोक नदीकाठच्या सुपीक जमिनी सोडून जात. जपानी शास्त्रज्ञ सातोशी ओमुरा यांनी जपानमधल्या एका गोल्फ मैदानाजवळच्या मातीतून वेगळ्या केलेल्या जिवाणूपासून आणि अमेरिकेतल्या मर्क कंपनीच्या विल्यम कॅम्बेल यांच्या संशोधनातून आयव्हरमेक्टिन हाती आले. पण ते पहिल्यांदा बाजारात आले ते गुरा-घोड्यांचे औषध म्हणून, कारण गुरांच्या मालकांजवळ पैसा होता. माणसांसाठीही ते उपयोगी आहे हे सिद्ध झाल्यावर असे दिसले की ज्यांना ते हवे आहे त्यांच्याकडेच काय, त्यांच्या सरकारांकडेही पैसे नाहीत. तेव्हा 1987 मध्ये कंपनीने हवे तेवढे आणि हवे तितकी वर्षे ते विनामूल्य देण्याचे जाहीर केले. ओमुरा आणि कॅम्बेल यांना 2015 मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. नायजर हा नदीकाठचे अंधत्व संपवणारा आफ्रिकेतला पहिला देश ठरला, तो मात्र 2025 च्या जानेवारीत. औषध फुकट झाल्यापासून तेथवर पोचायला सदतीस वर्षे लागली, यातच आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे.

पुढे अल्बेंडाझोलही असेच मिळू लागले. एसाई या जपानी कंपनीच्या विशाखापट्टणम येथील कारखान्यात बनलेल्या डीईसीच्या गोळ्या जागतिक आरोग्य संघटनेमार्फत अनेक देशांना विनामूल्य जातात. कंपन्यांच्या या दानात नाव मिळवण्याचा हेतूही असेल. असला तरी माझी तक्रार नाही. 2000 मध्ये जगात हत्तीरोगाची लागण झालेले सुमारे 12 कोटी लोक होते, 2018 पर्यंत हा आकडा 5.1 कोटींवर आला, हे त्या दानाशिवाय घडले नसते.

परंतु फुकट गोळी बंदराला लागते, गावाला नाही. बंदरापासून झोपडीपर्यंतचा खर्च, म्हणजे ट्रकचे डिझेल, नावेचे भाडे, कार्यकर्त्यांचा भत्ता, नोंदवह्या, नंतरची रक्ततपासणी, हा कोणीतरी उचलावा लागतो आणि आफ्रिकेतल्या अनेक देशांत तो परदेशी मदतीवर चालत होता. ब्रिटनने 2021 मध्ये यातला आपला मोठा कार्यक्रम आवरता घेतला. अमेरिकेने 2006 पासून चालवलेली मदत 2025 च्या सुरुवातीला थांबवली आणि अनेक देशांतल्या वाटपाच्या मोहिमा लांबणीवर पडल्या. गोदामात मुदत संपत आलेल्या गोळ्या आणि गावात वाट पाहणारी माणसे असे चित्र त्यातून निर्माण होते. दुर्लक्ष कोणी केले, याचे एकच नाव सांगता येत नाही, पण ते आजही चालू आहे, एवढे नक्की.

प्रश्न : माझे वय 78. लहानपणी आमच्या गावात नारू झालेली माणसे पाहिली आहेत. आता नातवंडांना तो शब्दही ठाऊक नाही. नारूवर औषध निघाले का? — एक ज्येष्ठ वाचक, सोलापूर जिल्हा

औषध निघाले नाही, लसही निघाली नाही. नारू गेला तो पाणी गाळून पिण्याने आणि पाण्यात न उतरण्याने.

आपण पाहिलेच असेल, पायावर आग होणारा फोड येई, तो फुटला की पांढऱ्या दोऱ्यासारखा कृमी डोके काढी आणि तो काडीला गुंडाळत दररोज बोटभर ओढून काढावा लागे. हात-दीड हात लांब, कधी त्याहून मोठा. मध्येच तुटला तर पाय सडल्यासारखा होऊन माणूस महिनोन्‌महिने खाटेला खिळे, आणि हे बहुधा ऐन पेरणी-कापणीच्या दिवसांत. आग शमवायला रुग्ण पाय पाण्यात बुडवी, त्या क्षणी कृमी हजारो पिल्ले पाण्यात सोडी, ती सायक्लोप्स नावाचे बारीक जलकीटक गिळीत आणि तेच पाणी प्यायलेल्या माणसाच्या पायातून पुढच्या वर्षी नवा नारू निघे. पायऱ्यांच्या विहिरी आणि बारवा हे त्याचे खरे माहेर, कारण तेथे घागर भरणारी बाई पाण्यात उतरल्याशिवाय घागर भरत नसे. आज ज्या बारवांची आपण कौतुकाने छायाचित्रे काढतो, त्यांची ही बाजूही लक्षात ठेवायला हवी.

भारताने 1983-84 मध्ये नारू निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला तेव्हा महाराष्ट्रासह सात राज्यांत मिळून वर्षाला सुमारे 40 हजार रुग्ण सापडत होते. पायऱ्या बंद करून रहाट बसवले, हातपंप आले, पाण्यात सायक्लोप्स मारणारे औषध टाकले, घराघरात गाळणीची कापडे दिली, आणि रुग्ण कळवणाऱ्याला बक्षीस लावले. शेवटचा रुग्ण 1996 च्या जुलैत राजस्थानातल्या जोधपूर जिल्ह्यात सापडला आणि 2000 च्या फेब्रुवारीत देश नारूमुक्त ठरला. देवीनंतर आपल्या देशातून गेलेला हा दुसरा रोग.

जगात 1986 मध्ये दरवर्षी सुमारे 35 लाख लोकांना नारू होत असे, 2024 मध्ये साऱ्या जगात 15 रुग्ण होते, मुख्यतः चाड आणि दक्षिण सुदान या देशांत. या कामाचा ध्यास अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांनी घेतला होता. 1995 मध्ये सुदानच्या यादवीत त्यांनी मध्यस्थी करून काही महिन्यांचा युद्धविराम घडवला, तो मुख्यतः आरोग्यसेवकांना नारूच्या गावांपर्यंत पोचता यावे यासाठी. कार्टर 2024 च्या अखेरीस वारले तेव्हा काम थोडेसे उरले होते. उरलेले थोडेच सर्वांत कठीण असते. चाडमध्ये आता कुत्र्यांनाही नारू होऊ लागला आहे आणि कुत्र्याला पाणी गाळून प्यायला कोण शिकवणार? तेथे कुत्री बांधून ठेवण्याचे आणि माशांची आतडी पुरून टाकण्याचे काम चालले आहे.

प्रश्न : माझ्या वडिलांचा उजवा पाय बारा वर्षांपासून सुजलेला आहे. दर पावसाळ्यात तो लाल होऊन थंडीताप येतो आणि रोवणीची मजुरी बुडते. गोळ्यांनी पाय पूर्ववत होईल का? लोक त्यांच्या शेजारी बसायला कचरतात. — एक मुलगी, गडचिरोली जिल्हा

बारा वर्षांची सूज गोळ्यांनी उतरणार नाही, हे आपल्याला स्पष्ट सांगणे मला भाग आहे. वडिलांनी मोहिमेच्या गोळ्या तरीही घ्याव्यात. पण दर पावसाळ्यात येणारा तो ताप थांबवता येतो, आणि ताप थांबला की सूज वाढायची थांबते, कित्येकदा कमीही होते. तो ताप कृमीमुळे नव्हे तर बोटांच्या बेचक्यांतून आणि चिरांतून आत शिरणाऱ्या साध्या जिवाणूंमुळे येतो. चिखलात दिवसभर उभे राहिल्यावर तेथली कातडी मऊ पडून फाटते.

म्हणून रोज संध्याकाळी पाय धुणे हेच औषध. साधा अंगाचा साबण आणि गार किंवा कोमट पाणी घ्यावे, गरम घेऊ नये. साबण आधी हातावर घोळून मग पायावर हलक्या हाताने लावावा, ब्रश किंवा दगड वापरू नये. कातडीच्या वळ्या आणि प्रत्येक बेचके बोट घालून धुवावे, आणि साबणाचा अंश राहणार नाही इतके पाणी घालावे. मग स्वच्छ सुती कापडाने टिपावे, घासू नये. बेचक्यांत ओल राहता कामा नये. तेथे पांढरे पडले असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रातून मिळणारे बुरशीचे मलम लावावे. टब, मग, साबण, टॉवेल आणि मलम असा संच हत्तीरोगाच्या रुग्णांना दिला जातो, तो वडिलांना मिळाला नसेल तर आशाताईंकडे नाव नोंदवून मागून घ्यावा. रात्री पायाखाली उशी किंवा घडी घातलेले पोते ठेवून पाय उंच करावा, बसल्या बसल्या घोटा वर-खाली फिरवत राहावे, आणि पायाला न घासणारी चप्पल अंगणातसुद्धा घालावी. ताप आलाच तर पायाला शेक, लेप किंवा मालीश करू नये, गार पाण्याची पट्टी ठेवून त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे, कारण तेव्हा प्रतिजैविकांची गरज असते.

अंडवृद्धी, म्हणजे अंडकोशात पाणी साचून आलेली सूज, असेल तर तेही डॉक्टरांना सांगावे. जगात हत्तीरोगामुळे अंडवृद्धी झालेले सुमारे अडीच कोटी पुरुष आहेत आणि त्यांच्यापैकी कितीतरी जण लाजेपायी आयुष्यभर गप्प राहतात, वास्तविक ती शस्त्रक्रियेने पूर्ण बरी होते आणि सरकारी रुग्णालयात त्यासाठी पैसे लागत नाहीत.

शेजारी बसण्याने, एका ताटात जेवण्याने किंवा त्यांचा पाय धुवून देण्याने हा रोग कोणालाही होत नाही. पहिले आठ दिवस पाय आपणच धुवून द्यावा, म्हणजे बेचक्या किती खोल आहेत आणि कापड कोठवर पोचते, हे आपल्या हातांना कळेल. त्यानंतर वडिलांना स्वतः करू द्यावे. रोवणीच्या दिवसांत बांधीतून आल्या आल्या, चहाच्या आधी.